मैना फिट आली

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी घोडदळात दफेदार होतो आणि आमच्या लहान तुकडीचा कॅम्प मोशीला, इंद्रायणीकाठच्या माळावर होता. कॅम्पात सुलतान नावाचा एक अरबी घोडा होता. आसपासच्या देशी भीमथडी घोड्या त्याच्याकडून फळवायच्या आणि लांब पल्ल्याला टिकेल, ओझं वाहील, घाटही चढेल असं शिंगरू वाढवायचं, हे आमचं काम.

गावकरी हसायचे. "सरकारनं घोड्यांची लग्नं लावायला फौज ठेवलीय राव," म्हणायचे. हसा म्हणावं. पहाटे मालिश, मग दाणा-पाणी, मग माळावर दुडकी. एक नियम मात्र कडक होता: आधी घोडा पाणी पिणार, मग सवार.

सवार शंकर मोशीचाच. त्याच्या वडिलांच्या घोडीला सुलतानपासून मैना झाली. मैनेला आम्ही फौजेत घेतलं, तिच्यामागं शंकरही भरती झाला.

"तू सवार कसला, मैनेची पाठराखीण तू," मी चिडवायचो.

"व्हय की," म्हणून तो खरारा करत राहायचा.

वैशाखात चाचणीचा हुकूम आला. मोशी ते मंचर आणि परत, एका दिवसात. कॅप्टनसाहेबांनी फॉलिनला, सगळे रांगेत उभे असताना सांगितलं, "एक तरी घोडा फिट परत आला पाहिजे. नाहीतर सुलतान दुसरीकडे जाईल आणि घोड्या लिलावात."

पहाटे तीन घोडे सुटले. दोन खेडला लंगडले. उरली मैना.

चाकणचं तपासणी ठाणं माझ्याकडे होतं. दुपारी तीनच्या सुमारास शंकर मैनेचा लगाम धरून पळत आला. तिची पाठ हलकी व्हावी म्हणून घाटापासून पायीच होता.

"पाण्याची बाटली?"

"तिच्या मानेवर वतली, साहेब."

"ठीक आहेस?"

"हाय की. आधी मैनेचं बघा."

मी बघितलं. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. हिरड्या पाहिल्या. कातडी चिमटून सोडली, लगेच बसली. घामही चांगला सुटला होता. मग शंकरकडे नजर गेली. सदरा कोरडा, वर मिठाचे पांढरे पट्टे. मनात आलं, गडी ताजा दिसतोय, घामसुद्धा नाही. उन्हात घोड्याचा घाम थांबला की त्याला तिथंच थांबवा, सावलीत घ्या, हे मी रंगरुटांना घसा फोडून शिकवायचो. माणसाच्या बाबतीत ते मला सुचलंच नाही.

मैना बादलीतून पीत होती. तिचं झाल्यावर तो पिणार होता. पण वेळ जात होता, मी म्हणालो, "मूव्ह." तो तसाच निघाला.

मी वायरलेस उचलला. "चाकण टू मोशी. मैना फिट. ओव्हर."

"मोशी. रॉजर. आऊट."

सवाराचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तासाभरानं मोशीहून निरोप आला. "घोडी आली. सवार नाही. ओव्हर."

मी जीप काढली. शंकर मोशीच्या अलीकडे, एका बाभळीखाली पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. मैनेची नाडी मोजलेली तीच बोटं मी त्याच्या मनगटावर ठेवली. काही लागलं नाही.

त्याचे वडील, तात्या, कॅम्पावर आले. मला म्हणाले, "घोडी पोचली का?"

"पोचली, तात्या."

"बरी हाय?"

"फिट आहे."

"त्यानं पयलं त्येच ईचारलं आस्तं," म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही, मी नियम पाळला होता म्हणे. मला ते आजही पटत नाही. शंकर माझ्या हातून गेला.

सुलतान राहिला. मैनेला पुढं शिंगरं झाली, ती मोठी होऊन त्याच रस्त्यानं पळाली. प्रत्येक चाचणीला मी चाकणला उभा असायचो, हातात पाण्याचा मग घेऊन.

एकदा ठाणं बघायला आलेले रिसालदारसाहेब डाफरले, "दफेदार, आधी घोडा."

मी पाण्याचा मग सवाराच्या हातात दिला.

"आधी शंकर, साहेब," मी म्हणालो. सवाराचं नाव दुसरंच होतं. तो पिऊन होईपर्यंत रिसालदारसाहेबांनी घोड्याचा लगाम धरून ठेवला.