वरच्या पाड्याचा मान

भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगायला लागला की मी उठून जाणारा माणूस. भाताच्या राखणीला जन्मभर रानात झोपलो, मला कधी काही दिसलं नाही. ज्यांना दिसलं त्यांना मी तोंडावर विचारायचो, ताडी किती घेतली होती? त्यामुळं हे लिहायला बसलोय खरा, पण लाज वाटतेय. चौथीपर्यंतच शिकलो आहे, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव कर्जतवरून मुरबाडकडं जाताना कशेळ्याच्या अलीकडं. फाट्यावर वडापावची गाडी उभी असते, तिथनं आत वळायचं. रस्ता संपतो तिथं देवीचं देऊळ. चैत्रात जत्रा भरते आणि आजूबाजूच्या गावांच्या देवकाठ्या येतात. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो — देवकाठी म्हणजे देवळाच्या कळसाहून उंच बांबू. त्याला रंगीत कापडं गुंडाळतात, टोकाला मोरपिसं आणि पितळेची टोपी. काठी गावातनं निघाली की जमिनीला टेकवायची नाही. बुडखा कमरेच्या पट्ट्यात धरायचा, दोन्ही हातांनी काठी तोलायची, आणि देवळापुढच्या दगडावर उभं राहून टोक कळसाला लावायचं. टण्ण आवाज झाला की गुलाल उडतो, मग पुढच्या गावाची पाळी.

आमच्या गावाची काठी आमच्या घराण्याकडं. माझ्या हातनं ती एकदाही झुकली नाही, हे कुणालाही विचारा.

पहिला मान मात्र वरच्या पाड्याचा, दुसरा आमचा. आणि वरच्या पाड्यात आता माणूसच राहिलेला नाही. एकेकानं जमीन विकली, कोण बदलापूरला गेला, कोण नेरळला. तिथं फार्महाऊस झाली, पोहायचे हौद झाले. काठी उचलणार कोण? तरी आमचा गुरव सखाराम — माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त — दर वर्षी पहिली हाक त्यांनाच मारायचा. "वरचा पाडाऽऽ"... मग ढोल थांबवायचा आणि देवळाकडं तोंड करून गप उभा राहायचा. तोवर मी मागं उन्हात काठी तोलून ताटकळत.

मला ते फार सलायचं. गेल्या वर्षी जत्रा कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला. "जिथं चूल पेटत नाय, तिथल्यांना कसला मान? आमची काठी पहिली लावा."

सखाराम म्हणाला, "अरं, हाक मारायला तुझं काय जातं रं?"

"तुजं तोंड दुखतं, माजे हात. अदलाबदल करतोस का?"

सगळे हसले. माझा मुलगा सुधीर कमिटीत आहे. जत्रा बघायला हल्ली मुंबईची पुष्कळ माणसं येतात, त्यांना आमच्या घरी चुलीवरचं कोंबडं आणि भाकरी जेवायला मिळते, तो त्याचा धंदा. पाहुण्यांना रिकामी हाक कशाची ते समजत नाही, ते कंटाळतात, असं त्याचं म्हणणं. झालं... वरच्या पाड्याचं नाव काढलं आणि आमचं पहिलं आलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी काठी घेऊन दगडावर चढलो. ऊन होतं, वारा अजिबात नव्हता. माणसं मोबाईल वर धरून उभी. सुधीर माईकवर. मी काठी कळसाकडं झुकवली.

पोचली नाही.

टोक आणि कळस यांच्यात हातभर मोकळी जागा. मी दगडाच्या पार कडेला आलो, आणखी झुकवली. तेवढीच जागा राहिली. तीच काठी, तोच दगड, तोच कळस. पुन्हा सरळ केली, पुन्हा झुकवली... नाहीच. ढोलवाले बडवून बडवून हळू झाले.

"आबा, जरा म्होरं घ्या," सुधीर माईकवरच बोलला. गर्दीतला कोणी तरी म्हणाला, "आबांना स्टूल द्या रं." पोरीबाळी हसायला लागल्या.

सखाराम जवळ आला. हळूच म्हणाला, "दगड सोड."

"नाय सोडणार."

"मंग ऱ्हा उभा. मला काय, मी सावलीत हाय."

माझे हात थरथरत नव्हते, हे मी देवीची शपथ घेऊन सांगतो. दम लागला नव्हता. फक्त टोकाच्या पुढं ती मोकळी जागा दिसत होती आणि ती हटत नव्हती. शेवटी काठी सरळ केली आणि खाली उतरलो. दगडावरनं काठी न लावता उतरायची माझी पहिलीच वेळ.

सखारामनं हात वर केला, ढोल थांबले. त्यानं हाक मारली, "वरचा पाडाऽऽ"... आणि नेहमीसारखा गप उभा राहिला. मी त्याच्या बाजूला होतो. माझी काठी माझ्या हातात सरळ उभी. बाकी गावांच्या काठ्या लांब पिंपळाखाली.

आणि वरनं आवाज आला. टण्ण.

मी मान वर केली. कळसापाशी काही नव्हतं. सखारामनं वर बघितलंसुद्धा नाही. त्यानं मूठभर गुलाल देवळाकडं उधळला आणि मला म्हणाला, "झालं. ये आता."

मी पुन्हा दगडावर चढलो. काठी झुकवली आणि ती दर वर्षीसारखी, न ताणता, कळसाला जाऊन लागली.

आमची मंडळी बायकांच्या रांगेत होती. घरी आल्यावर मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "अवो, टोल दोन झाले. एक तुमच्या आधी." सुधीर म्हणतो स्पीकर वाजला असंल, नायतर कुणाच्या गाडीचं दार. आणि काठी? "बांबू वाकतो आबा. आणि तुमचं वय झालं." गावही तेच बोलायला लागलं.

यंदा बैठक जवळ आली तसा मी सुधीरला म्हणालो, "पयली हाक वरच्या पाड्याला मारू दे. आपण दुसरे."

"कमिटीला काय सांगू? बांबू पोचला नाय म्हणून? लोक हसतील आबा. तुमीच बैठकीत सांगा, हात चालत नाय, म्हणून पयला मान सोडतो. मंग कोण काय बोलणार नाय."

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जेवण गोड लागेना. काठी यंदा त्याच्याकडं जाणार होती. पहिल्या नंबरला तो त्या दगडावर उभा राहिला, आणि सगळ्यांसमोर तीच मोकळी जागा त्याच्या वाट्याला आली तर...

बैठकीत उभा राहिलो आणि बोललो, "माझ्यानं आता काठी तोलवत नाय. पयला मान सोडला, पयली हाक वरच्या पाड्यालाच मारा." कुणी हसलं नाही. एकानं तर उठून मला खुर्ची दिली.

तो आवाज कशाचा होता, काठी कशानं अडली, मला सांगता येत नाही. सखारामला विचारलं तर तो तंबाखू मळत बसतो. तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर कळवा. जत्रेला आलात तर घरी जेवायलाही या. पण सुधीरपाशी हा विषय काढू नका. बाप थकला, असंच त्याला वाटतं. ते तसंच राहू द्या.