सेट ठेवून जा, ताई

आमच्याकडे खापर गावच्या बाजाराला गेलं की झेरॉक्सवाल्याकडे आपला 'सेट' ठेवून यायचा रिवाज आहे. आधार, पॅन, फोटो, आणि प्रत्येक प्रतीवर आधीच ठोकलेली सही. कधी योजना निघेल, कधी सिमकार्ड लागेल, कोण पुन्हा जीपमध्ये कोंबून घेणार? भाऊ आपलाच आहे, असं म्हणत अख्ख्या पंचक्रोशीने स्वतःला त्याच्या फळीवर रचून ठेवलंय. मीही ठेवलं होतं. मी अंगणवाडी सेविका, गावाला शहाणपण शिकवणारी. माझं शहाणपण जीपच्या भाड्यापुरतं.

मुलीचा नाशिकला नर्सिंगला नंबर लागला. शेत सासऱ्यांच्या नावावर, महिन्याचं मानधन घरात माझंच, म्हणून शैक्षणिक कर्जाला तिच्यासोबत नाव माझं. बँकेच्या साहेबाने संगणकात पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचं पाकीट मारलंय. माझ्या नावावर सुरतेत कुणीतरी फ्रिज घेतला होता आणि हप्ते बुडवले होते. सुरत मी पाहिलेली नाही. घरात फ्रिज नाही. तसं सांगितलं तर म्हणे, रेकॉर्डला तसं दिसत नाही. धन्य ते रेकॉर्ड!

मग टोलवाटोलवी सुरू झाली. साहेब म्हणाला, फायनान्सवाल्यांना विचारा. तिथली बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, सही तुमचीच आहे ना, मग? लोकांची पत लिहिणाऱ्या कंपनीने कळवलं, कर्ज देणारे सांगतात तेच आम्ही लिहितो. म्हणजे चोराला फ्रिज देणारा मोकळा, लिहिणारा मोकळा, आणि गुन्हेगार कोण, तर मी. कळस म्हणजे तक्रारीसोबत प्रत्येकाने मागितलं काय? आधारची झेरॉक्स, सही करून.

ती काढायला पुन्हा खापरलाच जावं लागलं. माझा सेट सुरतेत कसा पोचला, असा झेरॉक्सवाल्याला जाब विचारला, तर मान खाली घालून म्हणाला, दुकानात ढीगभर माणसं येतात, कुणाकुणावर ध्यान ठेवू? प्रती हातात देताना वर म्हणतो कसा, "एक सेट ठेवून जा ताई, पुढे लागेल."

मी फळीवरचा माझा गठ्ठा ओढून घेतला आणि तोंडाला येईल ते बोलले. मागे उभ्या बाया माझ्यावरच चिडल्या. भाऊला असं बोलतात का, म्हणे. आपापले सेट त्यांनी त्याच्या हातात दिले.

खूप भांडल्यावर सुरतेहून फ्रिज देताना काढलेला गिऱ्हाइकाचा फोटो आला. मिशीवाला बाप्या! नाव माझं, मिशी त्याची, आणि एकाही निलाजऱ्याला ते दिसलं नव्हतं. तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. मुलीची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

साहेबाचा फोन आला तेव्हा आम्ही मायलेकी कापूस वेचत होतो. अभिनंदन, तुमचं रेकॉर्ड साफ झालं, आता कर्जाला या, म्हणाला. फोन स्पीकरवर होता. मुलीने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही.

"माय, त्यास्ले सांग," ती म्हणाली, "तो फ्रिज तरी आमले आनी द्या."