बिनकांद्याची वाटी

आमच्या शेजारच्या आचाऱ्याबद्दल मी चार हिवाळे गल्लीभर जे काही पसरवलं, ते आता परत घ्यायला हवं. म्हणजे सगळं नाही. तो घोरतो हे खरंच आहे. आमची मधली भिंत एकच आहे.

पूर्वी तो मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाक करायचा. त्याला धरून सात माणसं. एका हिवाळ्यात त्याची दाढ सुजली, गाल पपईएवढा झाला, म्हणून त्या फेरीला तो किनाऱ्यावर राहिला. बोट परत आली नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं विचारायची छाती माझ्यासारख्या चोंबडीलाही झाली नाही.

थंडी पडली की दर रविवारी दुपारी तो माशांचं सूप करायचा. माशांची डोकी, काटे आणि कोळंबीची टरफलं तासभर उकळायची, ते पाणी गाळून त्यात बटाटे, गाजर, शिंपले, पांढऱ्या माशाचे जाड तुकडे. मग लोण्यात परतलेला मैदा आणि वाडगाभर साय. वाढताना प्रत्येकाच्या वाटीवर तळलेला कांदा. सूप झालं की पळी पातेल्याच्या काठावर सहा वेळा वाजायची आणि आम्ही सहा शेजारी हातातलं काम टाकून धावायचो.

टेबलाभोवती जागा ठरलेल्या. माझी दारातली, भर वाऱ्यात. आणि माझ्या वाटीत कांदा नाही!

"अहो आचारीबुवा, मला वाळीत टाकलंय का? सगळ्यांना कांदा, मीच काय घोडं मारलं?"

"तुमची वाटी तशीच."

"आणि या दारात माझी पाठ धरते, त्याचं काय?"

"जागाही तशीच."

शेजारी बसणाऱ्या पोस्टमनच्या वाटीत तो मूठभर मिरपूड ओतायचा. बिचारा शिंकून शिंकून अर्धा व्हायचा. मी मात्र गल्लीत सांगून टाकलं, की म्हाताऱ्याचा माझ्यावर जीव जडलाय, म्हणून माझ्या तोंडाला कांद्याचा वास त्याला नको. लोक हसले. मीही हसले.

यंदा पायऱ्या चढताना तो छाती धरून मटकन खाली बसला. डॉक्टरांनी बजावलं, लोणी आणि साय बंद, नाहीतर पुढचा हिवाळा विसरा. ते ऐकून त्याच्या बहिणीची मुलगी गावाहून आली, मामाकडे बघायला. आल्या आल्या तिने फडताळातलं लोणी माझ्या हवाली केलं.

"मामा, सूप हलकं कर. शेवटी तळाचं खरवडून तूच खातोस, लोणी-मैद्याचा दाट थर तिथेच चिकटतो."

"आचारी शेवटीच खातो."

"मग तुझ्यापुरतं वेगळं शिजव."

"बोटीवर पातेलं एकच असतं."

"ही काय बोट आहे?"

त्याने माझ्याकडून लोणी परत मागून नेलं.

त्या रविवारी भाची चुलीपाशी उभी होती. मी सवयीने सुरू केलं, "बघ गं बाई तुझ्या मामाचा न्याय, याही वर्षी कांदा नाही!" तिने माझ्या वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. चेहरा पांढराफटक.

"बाबा कांदा खात नव्हते," ती म्हणाली. "दारापाशीच बसायचे. इंजिनाचा आवाज बदलला की पटकन उठता यावं म्हणून."

तिचे वडील त्या बोटीचे इंजिनवाले. आचाऱ्याचे मेहुणे.

पोस्टमनने हळूच विचारलं, "मग मी कोण?"

"जाळीवाला," आचारी म्हणाला. "त्याला झणझणीत लागायचं."

चार हिवाळे मी कुणाच्या तरी जागेवर बसून, त्याच्या वाटीतलं खाऊन खिदळत होते.

"मामा, म्हणून साय सोडवत नाही तुला?"

"चव बदलली तर ते सहाजण ओळखतील कशावरून?" तो पातेल्याशी बोलल्यासारखं बोलला. "नाही यायचे मग."

"आणि तूच गेलास तर? पळी कोण वाजवणार?"

हे त्याला लागलं. त्याने पळी पुसून ठेवली. मग म्हणाला, "पहिला घोट आवडला की तुझा बाप चमच्याच्या दांड्याने दोनदा टेबल ठोकायचा. पुढच्या रविवारी तू म्हणतेस तसं करतो. त्याच्या जागेवरून ठोकलं तर ठीक. नाही ठोकलं तर साय परत, आणि डॉक्टर गेला खड्ड्यात."

पुढच्या रविवारी बटाटे सोलायच्या निमित्ताने मी सकाळीच तिथे हजर. साय नाही, मैदा नाही. भाचीने शिजलेल्यातले अर्धे बटाटे रवीने घोटून परत पातेल्यात सोडले, वर कपभर दूध आणि तमालपत्र. कांदा कोरड्या तव्यावर भाजला.

"पातळ झालं," तो कुरकुरला.

"हलकं झालंय. पातळ नाही."

सहा ठोके पडले. आम्ही बसलो. भाचीने माझ्याकडे डोळे रोखले. मला कळलं, मी ठोकावं असं तिला वाटत होतं. माझ्यासारखीला लबाडी काय कठीण? मी ठरवूनच आले होते. पहिला घोट घेतला. कोळंबीचा गोडवा जिभेवर पसरला, साय होती तेव्हा तो कधी लागलाच नव्हता. पण हात उचलवेना. मेलेल्या माणसाची सही करायला सांगितल्यासारखं झालं. चमचा वाटीत सोडला आणि दोन्ही हातांनी वाटी घट्ट धरली.

ठक. ठक.

माझ्याच जागेवरून. टेबलाचा हादरा माझ्या कोपरांना जाणवला.

सगळे माझ्याकडे बघत होते. भाचीच्या डोळ्यांत पाणी, ओठांवर माझ्यासाठी हसू. आचाऱ्याने इतका लांब श्वास सोडला, जणू त्या दाढेच्या दिवसापासून तो छातीत अडकला होता. मग खुर्ची ओढली आणि आमच्याबरोबर बसला. पहिल्यांदाच.

गल्लीत आजवर पन्नास गोष्टी रचून सांगितल्यात, पण ही, न रचलेली, कुणाला तोंडाने सांगवली नाही. म्हणून लिहून टाकली.

भाची भाजलेला कांदा घेऊन माझ्यापाशी थांबली. "मावशी, आता तुम्हालाही घालू?"

"नको गं," मी म्हटलं. "ही वाटी तशीच."