फॉलोअरवाला शेजारी

आमचा एक शेजारी गावातल्या माणसांनाही फॉलोअर म्हणतो. डेअरीवर भेटला की मोबाईल पुढं धरतो, "वहिनी, हसा की, व्हायरल करतो." मी पदर ओढून घेते.

उसालगतच्या कांद्यात खुरपताना आम्ही बायका मोठ्यानं बोलत राहतो, म्हणजे बिबट्या जवळ येत नाही. काल हा शेजारी उसाकडं पाठ करून, मोबाईल धरून उभा राहिला. "जरा गप ऱ्हावा. बिबट्या लई मोठा सेलिब्रिटी हाय, त्याची एन्ट्री घ्यायचीय."

बायका हसल्या नि गप्प झाल्या. वारा नव्हता, तरी त्याच्या मागचा ऊस हलला. मी कधी नव्हे ती किंचाळले. सळसळ आत लांब गेली.

तो माझ्यावरच चिडला. "वहिनी, घालवला ना व्हिडिओ! आता उद्या मी एकटाच येतो."