गच्चीवरची सत्ता

राज्याचे चार घटक मी नोकरीभर कॉलेजात शिकवले: लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व. पहिले तीन मुलांना लगेच समजत, चौथ्यापाशी सगळी अडखळत. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत राहिली असती, तर अडखळली नसती. आमच्याकडे सार्वभौमत्व चेअरमनसाहेबांच्या खिशात असे. ती गच्चीची किल्ली होती.

गच्ची बंद ठेवण्याचं कारण 'पाण्याच्या टाकीची सुरक्षितता' असं होतं. टाकीला कोण काय करणार, हे कुणी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज सकाळी उन्हात बसायला सांगितलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर, शेजारी नवी उंच इमारत. आमच्याकडे ऊन असतं ते हवामानाच्या बातम्यांत. मी किल्ली मागायला गेलो. चेअरमनसाहेब अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी चहा दिला, वहिनींची चौकशी केली आणि म्हणाले, "तुम्हाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल." कायद्यापुढे सगळे समान, हे मीच शिकवलेलं. चहा संपवून परत आलो. बायको खिडकीशी बसली होती. ही आता पूर्वीसारखी चालणार नाही की काय, अशी भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

मग वार्षिक सभा आली. आमच्याकडे निवडणूक नसते, प्रथा असते. शेवटी चेअरमनसाहेब उठून म्हणतात, "आता मला मोकळं करा." सगळे म्हणतात, "छे छे, आपणच हवेत." मी अनुमोदन देतो आणि बटाटेवडे येतात. लोकशाही म्हणावी तर कुणी मत देत नाही, राजेशाही म्हणावी तर राजा दरवर्षी राजीनामा देतो. हा शासनप्रकार मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

यंदाही ते म्हणाले, "आता मला मोकळं करा."

"बरं," बायको म्हणाली.

पुढे काय म्हणायचं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती वॉकर धरून उभी राहिली. "इतकी वर्षं बिचारे मागतायत. आपण ऐकतच नाही."

"पण मग बघणार कोण?" सेक्रेटरींनी विचारलं. सगळ्यांनी फरशीकडे बघितलं.

"मी बघते."

मी सवयीनं अनुमोदन दिलं. चेअरमनसाहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली. वडे तोवर गार झाले होते, पण खाल्ले सगळ्यांनी.

दुसऱ्या सकाळी लिफ्टनं आम्ही गच्चीवर गेलो. तिला खुर्चीत बसवलं, तर म्हणाली, "दाराची कडी काढून टाका."

"कुलूप नाही लावलं म्हणजे झालं की."

"मी नाही लावणार. माझ्यानंतरचा लावेल."

स्क्रू गंजले होते. मी घामाघूम होऊन ते काढत होतो आणि ती डोळे मिटून उन्हात बसली होती. तिच्या चेहऱ्यावर रंग आलेला पाहून मला एवढं बरं वाटलं, की बोटाला लागलं तेही कळलं नाही.

एवढ्यात चेअरमनसाहेब वर आले आणि दारातच थांबले.

"वहिनी, येऊ का?"

"अहो, या की. विचारताय काय?"

ते आत आले. कठड्यापर्यंत गेले, टेकडीकडे बघत उभे राहिले.

"किल्ली इतकी वर्षं माझ्याकडे होती," ते म्हणाले, "पण इथं बसलो कधीच नाही."

बायकोनं मला दुसरी खुर्ची आणायला सांगितली.