आधी पाणी, मग नाव

मेट्रनबाईंचा आवाज आमच्या भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या रुग्णालयात मशहूर होता. तळमजल्यावरून त्यांनी आयाला हाक मारली की दुसऱ्या मजल्यावरचा वॉर्डबॉय स्टुलावरून उठून उभा राहायचा. डॉक्टरसुद्धा त्यांना हळू बोलायला सांगायच्या भानगडीत पडत नसत. मात्र एक प्रश्न त्या इतक्या हळू विचारायच्या की शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जाऊ नये. तो प्रश्न म्हणजे, "कुठल्या तुम्ही?"

नव्वदच्या दशकात मी त्या रुग्णालयाच्या हिशेब विभागात नवा लागलो होतो. कारखान्याच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला मेडिकल बुक दाखवलं की सगळे उपचार मोफत. बाहेरच्यांना अनामत भरावी लागे, आणि ती घेऊन पावती फाडणं हे माझं काम. मेट्रनबाई मूळ नागपूरच्या. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए हिशेब, इकडे ये," एवढंच. मला त्याचा राग येत नसे, कारण मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही त्या पाठीमागे "सही" म्हणत.

कारखान्याच्या भिंतीबाहेर मोठी वस्ती होती. कुठून कुठून आलेली माणसं तिथं खोल्या घेऊन राहत. त्यांत सिंधमधून आलेली काही कुटुंबं होती. व्हिसावर आली, परत गेली नाहीत. इथलं नागरिकत्व मिळावं म्हणून अर्ज करताना तिकडचं सोडून द्यावं लागे. तिकडचं सुटे आणि इकडचं वर्षानुवर्षं येत नसे. अशी माणसं कुठल्याच देशाची नसत. हे मला मेट्रनबाईंनी समजावलं. तोवर मला वाटे, माणूस म्हटला की त्याला देश असतोच, जसं डोक्याला कपाळ.

महिन्यातून एका शनिवारी त्या कापडखान्यात, म्हणजे चादरींच्या कोठारात, वर्ग घेत. हॉल मागितला होता, पण "सही" मिळाली नाही. आया, नोंदणीवरचे कारकून, फाटकावरचे पहारेकरी, वस्तीतल्या अंगणवाडीच्या बाया, सगळ्यांना बोलावणं असे. पोहे-जलेबी त्यांच्या पदरची. मी एकदा म्हणालो, "बिल द्या, किरकोळ खर्चात बसवतो." त्या म्हणाल्या, "तुझ्या किरकोळ खर्चात माझी जलेबी नको बसवू. तिला चांगल्या ठिकाणी बसू दे," आणि पोटावरून हात फिरवला.

वर्गात भाषण नसे, नाटक असे. एकदा त्यांनी फाटकावरच्या तिवारींच्या डोक्यावर ओढणी टाकली. तिवारी फौजेतून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, मिशीला पीळ. मेट्रनबाई टेबलामागे बसल्या आणि तिवारींच्याच आवाजात ओरडल्या, "नाम? बाप का नाम? गाँव? कागज़ कहाँ है? जल्दी बोल, पीछे लाइन लगी है!" आया हसून लोळायच्या बाकी होत्या. तिवारींनी तोंड उघडलं आणि त्यांना वडिलांचं नावच आठवेना.

"पंडितजी, तुमच्याजवळ पेन्शन आहे, बंदूक आहे, मिशी आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तरी बाप विसरून राहिले. जिच्याजवळ यातलं काहीच नाही, तिचं काय होत असेल?"

तिवारी ओढणी काढून एवढंच म्हणाले, "समझ गया, मैडम." त्या दिवसापासून फाटकावर स्टुलाशेजारी पाण्याचा माठ आला.

माठाचं कारण असं की मेट्रनबाईंचा क्रम ठरलेला होता. आधी पाणी, मग नाव, गाव सगळ्यात शेवटी. "नावगाव विचारायचं ते मदत करता यावी म्हणून," त्या सांगत. "पकडायला दुसरी माणसं आहेत, त्यांना पगार मिळते." कुठल्याच देशाची नसलेली बाई ओळखायची कशी, हेही त्या सांगत. गाव सांगण्याआधी नवऱ्याकडे पाहते. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन फिरते आणि पिशवी झोपतानाही सोडत नाही. जन्मतारीख पाठ केल्यासारखी भरभर सांगते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, नाव लिहायला घेतलं की म्हणते, पेन्सिलनं लिहा, म्हणजे खोडता येईल.

अशी बाई ओळखली की ओरडायचं नाही, परत पाठवायचं नाही, आणि दया येऊन खोटं काही लिहायचंही नाही. तिला विधी सहायतेच्या, म्हणजे फी न घेणाऱ्या, वकिलाकडे कोण घेऊन जाईल, हे तिथल्या तिथं ठरवायचं. बहुतेक वेळा मेट्रनबाई स्वतःच जात. यातला "खोटं लिहायचं नाही" हा भाग आम्हाला सोपा वाटे. तो किती अवघड आहे, हे जमनाच्या वेळी कळलं.

जमना आमच्या क्वार्टरमधल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. लहानपणी आईबापांबरोबर सिंधमधून आलेली, आणि तीही त्या अधांतरी माणसांतली. नवरा भोपाळमध्येच जन्मलेला, करोंदच्या धान्यमंडीत तोलाईच्या कामावर. तिला दिवस गेले तेव्हा माझ्या शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी, ज्यांच्यासारखी उदार बाई मी पाहिली नाही, तिला आपलं मेडिकल बुक देऊन टाकलं. वय साधारण सारखंच. अनामत वाचेल आणि कोणी देश विचारणार नाही, असा त्यांचा विचार. नोंदणीवरच्या मुलीला ठाऊक होतं, आयांना ठाऊक होतं. मलाही कानावर आलं होतं आणि त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे मेडिकल बुक असं फिरतच असे.

दुपारी जमनाला कळा सुरू झाल्या. वहिनी तिला रिक्षातून घेऊन आल्या. खाटेवर नाव लागलं, सौ. कुलकर्णी. मी कुठल्याशा औषधांच्या बिलासाठी वॉर्डात गेलो होतो, आणि तेवढ्यात मेट्रनबाई फेरीवर आल्या. त्यांनी खाटेवरच्या बाईकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या वहिनींकडे.

"कुलकर्णीबाई, तुम्ही तर परवा हळदीकुंकवात फुगडी घालून राहिल्या होत्या. आज बाळंत?"

वहिनी लाजल्या, पण हटल्या नाहीत. "मेट्रनबाई, गरीब आहे हो. तुम्ही पाहिलं नाही असं समजा."

"मी नाही पाहिलं. पण जन्माची नोंद होईल ती पाहते न! तिथं आई तुम्ही. आणि बाप? कुलकर्णीसाहेबांना विचारलं का, तिसरं लेकरू चालते का म्हणून?"

वहिनींचा चेहरा उतरला. एवढा पुढचा विचार कोणीच केला नव्हता.

मेट्रनबाई त्यांना व्हरांड्यात घेऊन आल्या. "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण ऐका. हिचा नवरा इथला आहे. त्याचं नाव लागलं तर लेकरू इथलं, जन्मापासून. ते हिच्यासारखं लटकणार नाही. उद्या हिचा स्वतःचा अर्ज चालेल, तेव्हा इथं नवरा आहे, लेकरू आहे, हे दाखवायला हाच एक कागद. तो तुमच्या नावानं झाला, तर लेकरू तुमचं, आणि हिचं काय? हिला देश नाही तर नाही, लेकराला आई तरी असू द्या."

आत जमनानं ऐकलं असावं. ती कळा सोसत खाटेवरून उतरली, पिशवी छातीशी धरली आणि दाराकडे निघाली. "मैं घर जाती हूँ, दीदी. पुलिस को मत बुलाना."

आया धावल्या. मेट्रनबाईंनी त्यांना हातानं थांबवलं, जमनाला जवळच्या खुर्चीवर बसवलं, आणि पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. मग त्या खाली वाकून काहीतरी बोलत राहिल्या. मी चार पावलांवर होतो, तरी मला एक शब्द ऐकू आला नाही. मला ऐकू आलं ते जमनाचं बोलणं.

"पेन्सिल से लिखो, दीदी."

यावर मात्र मेट्रनबाईंचा आवाज नेहमीसारखा फुटला. "पेन से लिखूँगी! तेरा नाम है, सब्ज़ी का हिसाब थोड़े ही है!"

जमना कळेतच हसली. मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "ए हिशेब, तोंड काय पाहून राहिला? अनामत किती?"

"साडेचारशे. आणि मुख्य अधिकाऱ्यांची परवानगी."

"'सही' मी आणते. पावती जमनाच्या नावानं फाड." पैसे वहिनींनी भरले. रिक्षासाठी आणलेली पर्स तिथंच उलटी केली, वीस रुपये कमी पडले ते मी घातले. संध्याकाळी मुलगी झाली. नोंदीत आई जमना, बाप तोलाईवाला, दोन्ही नावं शाईनं. दुसऱ्याच आठवड्यात मेट्रनबाई जमनाला तिच्या कागदांसह घेऊन पोलिसांच्या विदेशी शाखेत जाऊन आल्या. तिथल्या हवालदारानं तिला इथं राहण्याच्या मुदतवाढीचा अर्ज समजावून दिला आणि चहाही पाजला, हे त्यांनी पुढच्या वर्गात मुद्दाम सांगितलं. "भीती वाटते तेवढी सगळीच माणसं वाईट नसतात. पण विचारायला कोणीतरी सोबत पाहिजे."

काही वर्षांनी त्या निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. जमनाचा अर्ज फिरत राहिला. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, तिला कुठं अडचण आली नाही. शेवटी एका दुपारी जमना पेढे घेऊन माझ्या दारात आली. कचेरीतून नागरिकत्वाचा दाखला मिळाला होता. मी लगेच नागपूरला फोन लावला. मेट्रनबाईंना आता कमी ऐकू येत असे. तीनदा सांगितल्यावर त्यांना कळलं. 

मग म्हणाल्या, "चांगलं झालं. त्या कचेरीत तिला बसवलं का कोणी?"

मी जमनाला विचारलं. ती म्हणाली, इतक्या वर्षांत जितक्या वेळा गेली, खिडकीसमोर उभीच राहिली. बसायला काही नाहीच तिथं.

"मग मी येते," फोनवरून आवाज आला. "तिकीट काढ माझं."

मला वाटलं, बोलण्याचा भाग आहे. पण त्या काठी टेकत खरोखर आल्या, आमच्याकडे तीन दिवस राहिल्या आणि त्या कचेरीतल्या एका तरुण अधिकाऱ्याला गाठून खिडकीमागच्या कारकुनांचा वर्ग घ्यायला एक तास मागून घेतला. मी मागच्या रांगेत होतो. एका लठ्ठ कारकुनाला त्यांनी ओढणी घातली, तेव्हा मला बाहेर जाऊन हसावं लागलं. ती त्यांची भोपाळची शेवटची खेप. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

त्या तासाचं मानधन म्हणून अधिकाऱ्यानं पाकिटात पाचशे रुपये दिले होते. मेट्रनबाईंनी पाकीट न उघडता माझ्या हातात ठेवलं. कचेरीतल्या त्या खिडकीसमोर ठेवायला सहा माणसं बसतील अशा साध्या लाकडी बाकाचे जवाहर चौकातल्या सुतारानं सोळाशे सांगितले, चौदाशेवर आला. पाचशे पाकिटातले, पाचशे कुलकर्णीवहिनींचे, तीनशे जमनाचे, शंभर माझे. सुताराला पूर्ण रक्कम रोख दिली. बाक कुठं आणि कोणासाठी जातंय ते ऐकल्यावर हातगाडीचे ऐंशी त्यानं घेतले नाहीत.