हायस का मेलीस?

आमचे हे कोल्हापूरच्या गूळबाजारात सौदे पुकारायचे. आवाज असा, की अख्ख्या पेठेला पुरून उरेल. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की तिथूनच ओरडायचे, "अगं ए, हायस का मेलीस?" मी कुरुंदवाडच्या मास्तरांची मुलगी. शेजारणी हसायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी कधी ओ दिली नाही.

ऐंशी सालच्या सुमाराला एकदा सौदा चालू असताना आकडा अर्ध्यावर सोडून ते गुळाच्या ढेपांवर मटकन बसले. हमालांनी रिक्षातून घरी आणलं. आडवं होता येईना, श्वास पुरेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दमा हाय, वाफ द्या की." मी पाणी तापवायला ठेवलं, तेवढ्यात हे अगदी हळू म्हणाले, "जमलं तर पाणी दे." जमलं तर! सतरा वर्षांच्या संसारात हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि चूल तशीच टाकून डॉक्टरांकडे पळाले.

डॉक्टरांनी घरी येऊन यांच्या छातीला नळी लावली, काखेपर्यंत सरकवत नेली, बराच वेळ ऐकत राहिले. "दमा नाही. हृदयातली झडप धरून ठेवणारा दोरा तुटलाय. झडप मिटत नाही, रक्त उलटं फुफ्फुसाकडे येतंय." फुफ्फुसात साठलेलं पाणी उतरवायची इंजेक्शनं झाली. श्वास जरा सावरल्यावर मुंबईला नेलं, तिथं धातूची झडप बसवली. परत आल्यावर महिनाभर हे माझ्याशी परक्या पाहुण्यासारखे गोड बोलत होते. झडप बसली खरी, पण माझा माणूस परत आलाय की नाही, तेच मला कळेना.

मग एका संध्याकाळी ते कोपऱ्यापर्यंत फिरून येतो म्हणून गेले. मी भाकरी थापत होते. तोच गल्लीच्या तोंडाशी, जरा फाटकी, पण तीच हाक आली. पिठाच्या हातांनी मी दारात धावले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "हाय की!"

त्या झडपेनं आम्हाला आणखी अकरा वर्षं दिली. आता घरात सगळे माझ्याशी जपून, हळू बोलतात. सून म्हणते, "आई, जमलं तर दोन घास खाऊन घ्या." पोर गुणाची आहे. पण संध्याकाळ झाली की माझा कान कोपऱ्याकडेच असतो. उत्तर तोंडात तयार असतं.